ज्याअर्थी आणि त्याअर्थी : लेली लाँग सोल्जर यांचा ‘व्हेअरॅज’

कायद्याच्या भाषेत दोन शब्द जोडीने येतात : ‘ज्याअर्थी’ आणि ‘त्याअर्थी’. राजपत्रातील एखादी अधिसूचना काढून पाहावी. आरंभी ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारे एक किंवा अनेक परिच्छेद असतात, त्यांत घडलेल्या गोष्टींचे आणि कारणांचे कथन असते. मग ‘त्याअर्थी, आता’ असे म्हणून शासन आपला हुकूम सांगते. वकिलीत मुरलेल्या माणसाचे डोळे सवयीने पहिला भाग ओलांडून दुसऱ्यावर जाऊन थांबतात. कारण हक्क, कर्तव्य, मुदत, दंड, जे काही पदरात पडावयाचे ते सारे ‘त्याअर्थी’च्या पुढे. ‘ज्याअर्थी’ हे अंगण आणि घर त्याच्या पलीकडे, अशीच आम्हां कायदेवाल्यांची समजूत असते. अमेरिकेतील एका कवयित्रीने नेमके या अंगणातच ठाण मांडले आहे आणि तेथूनच घरमालकास हाक घातली आहे. तिच्या संग्रहाची वाचकांस ओळख करून द्यावी आणि त्याचे मोल आमच्या परीने ठरवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

लेली लाँग सोल्जर या ओग्लाला लाकोटा जमातीच्या. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या ज्या लोकसमूहास बाहेरचे लोक ‘सू’ या नावाने ओळखतात, त्यातील लाकोटा ही एक मोठी शाखा आणि डकोटा ही दुसरी. ‘व्हेअरॅज’ हा त्यांचा संग्रह मिनिआपोलिस येथील ग्रेवुल्फ प्रेस या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केला. त्या वर्षीच्या काव्यग्रंथासाठी असलेले नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कलचे पारितोषिक त्यास मिळाले, आणि नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीतही तो होता. ‘व्हेअरॅज’ म्हणजे आपला ‘ज्याअर्थी’च होय. संग्रहाचे दोन भाग आहेत. पहिल्यात स्वतंत्र कविता आहेत. दुसरा भाग एका सरकारी दस्तऐवजास दिलेले उत्तर आहे, आणि त्याची मांडणीही त्या दस्तऐवजाप्रमाणेच केलेली आहे : प्रथम ‘ज्याअर्थी’ची निवेदने, मग ठराव, आणि शेवटी जबाबदारी नाकारणारा खुलासा.

तो दस्तऐवज कोणता, हे समजल्यावाचून पुस्तकात प्रवेश होत नाही. १९ डिसेंबर २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी संरक्षण खात्याच्या २०१० सालच्या खर्चास मंजुरी देणाऱ्या विधेयकावर सही केली. त्या अवाढव्य कायद्याच्या पोटात, ८११३ क्रमांकाच्या कलमात, देशाच्या मूळ रहिवाशांची माफी मागितलेली आहे. कॅन्सस राज्याचे सेनेटर सॅम ब्राउनबॅक हे असा ठराव व्हावा म्हणून २००४ सालापासून झटत होते. अखेरीस तो तोफा, विमाने आणि सैनिकांचे पगार यांच्या जमाखर्चात बसवून संमत करून घेण्यात आला. सहीच्या वेळी मूळ जमातींच्या कोणाही प्रतिनिधीस बोलावणे नव्हते. राष्ट्राध्यक्षांनी ती माफी जाहीरपणे वाचून दाखविली नाही. पुढे २०१० च्या मे महिन्यात ब्राउनबॅक यांनी वॉशिंग्टनमधील काँग्रेशनल सेमेटरी या दफनभूमीत ती पाच जमातींच्या प्रतिनिधींसमोर वाचली. केंद्र शासनाने मान्यता दिलेल्या जमातींची संख्या त्या वेळीही साडेपाचशेहून अधिक होती.

आपल्याकडील जुन्या खरेदीखतांत दोन पक्षांना सुंदर नावे आहेत : ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. दोघे समोरासमोर असल्यावाचून आणि साक्षीदारांच्या सह्या झाल्यावाचून दस्त पुरा होत नाही, हे अडाणी शेतकऱ्यासही ठाऊक असते. २००९ च्या या माफीनाम्यास लिहून देणार आहे. लिहून घेणार मात्र कोठेच दिसत नाही. मजकूर अधिक बारकाईने वाचावा तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. हिंसा, छळ आणि दुर्लक्ष यांबद्दल क्षमा मागताना कायदा म्हणतो की, ही कृत्ये देशाच्या नागरिकांनी केली. सैन्य पाठविणारे, तह करून मोडणारे, अन्नाच्या शिधापत्रिकांवर सही करणारे सरकार त्या वाक्यात कर्त्याच्या जागी नाही. आणि कलमाच्या शेवटी तो खुलासा आहे : या मजकुराच्या आधारे संयुक्त संस्थानांविरुद्ध कोणताही दावा उभा राहणार नाही, आणि कोणत्याही जुन्या दाव्याची तडजोड यामुळे झाली असेही समजू नये.

अखेरची गोष्ट सर्वांत विलक्षण. ब्राउनबॅक यांच्या मूळ ठरावात ‘ज्याअर्थी’ची लांबलचक मालिका होती, काय काय घडले त्याचे, सौम्य शब्दांत का होईना, कथन तेथे होते. खर्चाच्या कायद्यात ठराव घालताना ती मालिका गाळली गेली. म्हणजे माफी कायद्यात राहिली, आणि ती कशाबद्दल मागावयाची याचा तपशील बाहेर राहिला. लाँग सोल्जर यांच्या कवितांना ‘ज्याअर्थी’ हे रूप का मिळाले, याचे उत्तर आम्हांस येथे सापडते. छाटून टाकलेले अंगण त्यांनी पुन्हा बांधले आहे.

कायद्याच्या दृष्टीने अशा अंगणाची किंमत काय, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सांगून टाकले होते. हवाई बेटांतील राजसत्ता १८९३ साली उलथून टाकली गेली, त्याबद्दल अमेरिकन काँग्रेसने १९९३ साली माफीचा ठराव केला. त्यात ‘ज्याअर्थी’ची ३७ कलमे होती. त्यांच्या आधारे हवाईच्या राज्य न्यायालयाने जमिनीची विक्री थांबविली. ३१ मार्च २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निर्णय फिरविला. ‘ज्याअर्थी’च्या कलमांतून कोणताही हक्क उत्पन्न होत नाही, असे ठरले. निकाल कायद्यास धरून आहे, हे आम्ही नाकारीत नाही. आपल्याकडेही राज्यघटनेच्या उद्देशिकेस घटनेचा भाग मानावे की नाही, यावर १९६० साली बेरुबारी प्रकरणात एक मत पडले आणि १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात नेमके उलटे. पण ज्या शब्दांना न्यायालयात वजन नाही, त्यांना माणसांच्या व्यवहारात वजन असू शकते काय, हा प्रश्न न्यायालय सोडवू शकत नाही. तो काव्याच्या अधिकारातला आहे, आणि कवयित्रीने तो तेथेच चालविला आहे.

तिची ‘ज्याअर्थी’ची निवेदने गद्यासारखी वाहतात. प्रत्येकाचा आरंभ त्या कायदेशीर शब्दाने होतो आणि शेवट बहुधा अर्धविरामाने. कायद्याच्या मसुद्यात हे स्वाभाविक आहे. सगळी कलमे मिळून एकच वाक्य व्हावयाचे असते आणि पूर्णविराम अगदी अखेरीस. कवितेत मात्र या अर्धविरामाला निराळा अर्थ येतो. प्रकरण मिटलेले नाही, पुढचे कलम यावयाचे आहे, असे तो दर वेळी बजावतो.

या निवेदनांत सरकारचा इतिहास थोडका आणि घरातल्या गोष्टी फार आहेत, आणि येथेच कवयित्रीची पकड दिसते. मूळ ठरावात म्हटले होते की, युरोपीयांच्या आगमनाने मूळ रहिवाशांच्या इतिहासात नवा अध्याय उघडला. या शब्दांशी एक कविता येऊन थांबते आणि एकदम स्वयंपाकघरात जाते. कवयित्रीची लहान मुलगी धावताना डांबरी रस्त्यावर पडली आहे. गुडघे आणि तळवे फुटून रक्त वाहते आहे. मैत्रिणी तिला उचलून आणतात, आणि ती पोर हसण्याचा प्रयत्न करते. आई तिला सांगते की, दुखत असेल तर रड. मूल रडते, जखमा धुतल्या जातात, पट्ट्या बांधल्या जातात. आपल्या घरात खोटे हसावयाचे नाही, अशी शिकवणही दिली जाते. मग आई पुन्हा त्या सरकारी वाक्याकडे वळते आणि स्वतःच हसू लागते. ते हसणे तिला आवरत नाही. दुखावल्यावर हसण्याची ही जुनी रीत मुलगी कोणाकडून शिकली, हे त्या क्षणी तिला उमगते. ठरावातील त्या गुळगुळीत शब्दांवर याहून कठोर भाष्य आम्हांस सुचत नाही, आणि ते करताना कवयित्रीने त्या शब्दांना एकही दूषण दिलेले नाही.

दुसऱ्या एका निवेदनात न्याहारीचे टेबल आहे. समोर वडील बसले आहेत. मुलीच्या बाळपणी ते फार पीत असत, घरात असून नसल्यासारखे. आता दारू सुटली आहे. काय बोलावे हे तिला सुचत नाही. एक आवाज येतो. तिला वाटते त्यांना शिंक आली. वर पाहते तो ते रडत असतात. वडिलांचे रडणे तिने जन्मात ऐकलेले नसल्यामुळे ते ओळखताच आलेले नाही. ते म्हणतात की, मी तेथे नव्हतो, पुष्कळ गोष्टींबद्दल मला वाईट वाटते. ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवते आणि झाले ते झाले असे सांगते, आणि मनापासून सांगते. कविता येथे संपते; तिच्यात कायद्याचा उल्लेखही नाही. पण ती वाचल्यावर ८११३ कलमाकडे पाहिले की त्या कलमात काय नाही, याची यादी आपोआप होते. येथे देणारा आहे, घेणारी आहे, दोघे समोरासमोर आहेत. चूक काय हे दोघांस ठाऊक आहे. आणि बोलणाऱ्याने आपली वागणूक आधीच बदललेली आहे. सरकारी माफीवर हल्ला चढविण्याऐवजी कवयित्रीने तिच्याशेजारी एक खरी माफी नुसती ठेवली आहे. संग्रहातील ही आमच्या मते श्रेष्ठ कविता.

आमच्या वाचकांना हा विचार परका वाटू नये. पूजेच्या शेवटी केलेल्या चुकांबद्दल क्षमापन म्हणण्याची चाल घरोघर आहे, आणि ते म्हणताना मूर्ती समोर असते. पाठ करून क्षमा मागता येत नाही. प्रायश्चित्ताचा विचार तर धर्मशास्त्रात फार खोल झाला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे हे स्वतः वकील. त्यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या इंग्रजी ग्रंथाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात त्याचा विस्तार पाहावयास मिळतो. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय पापमुक्तीच्या साधनांत ख्यापन, म्हणजे केलेल्या कर्माचा उच्चार, आणि अनुताप यांची गणना करतो. त्याच अध्यायात परक्या घरातील हलक्या मोलाची वस्तू चोरणाऱ्यास कृच्छ्र सांगितले आहे. मात्र ती वस्तू आधी परत करावी आणि मग व्रत आचरावे असा क्रम आहे. या कसोटीवर २००९ चा माफीनामा घासून पाहिला तर ख्यापन दबक्या आवाजात, अनुताप शब्दापुरता, आणि परतीची वाट मात्र खुलाशाच्या कलमाने बंद केलेली, असा निकाल द्यावा लागतो.

परतीचा हा प्रश्न केवळ ग्रंथातला नाही. संग्रहाच्या पहिल्या भागातील एक कविता ‘हे सापा’ या नावाची आहे. साउथ डकोटा आणि वायोमिंग राज्यांतील ज्या डोंगररांगेस नकाशावर ब्लॅक हिल्स म्हणतात, तिचे हे लाकोटा नाव. उच्चाराने जवळच्या, एक डोंगर आणि एक शिंग अशा अर्थाच्या शब्दांपासून ही कविता निघते आणि डोंगराला डोंगर म्हणूनच राहू द्यावे या भावाशी येते. १८६८ च्या फोर्ट लॅरामीच्या तहाने ही भूमी सू लोकांकडे राहिली. पुढे तेथे सोने सापडले. तहाप्रमाणे जमीन देण्यास तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांची संमती हवी होती. दहा टक्क्यांच्या आसपास सह्या असलेल्या करारावर १८७७ साली काँग्रेसने ती घेतली. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हे घेणे भरपाईवाचून झाले असे मान्य केले आणि १ कोटी ७१ लक्ष डॉलर व १८७७ पासूनचे व्याज देवविले. सू लोकांनी ते पैसे घेतले नाहीत. आम्हांस डोंगर हवेत, असे त्यांचे म्हणणे. ती रक्कम खजिन्यात पडून एक अब्ज डॉलरांच्या वर गेली आहे, आणि हे लोक देशातील अत्यंत गरिबांपैकी आहेत. ज्यांच्या घराण्याचे दैवत सोळाव्या शतकात कुशस्थळीहून प्रियोळास न्यावे लागले, त्या गोमंतकीय वाचकांस स्थळाचा मोबदला पैशात होत नाही म्हणजे काय, हे उकलून सांगण्याची गरज नाही.

संग्रहातील दुसरी मोठी व्यथा भाषेची आहे. मुलगी झाली तेव्हा तिला लाकोटापण शिकविण्याची जबाबदारी आईवर आली, आणि आईला आपल्याच अज्ञानाने घाम फुटला. भाषेचे मला तुकडेच येतात. मग मी हिला तुकडेच शिकवू काय, असा प्रश्न एका निवेदनात तिने स्वतःस केला आहे. या तुकड्यांमागे मोठा इतिहास आहे. १८७९ साली निघालेल्या कार्लाइलच्या शाळेपासून पुढे कित्येक पिढ्या या लोकांची मुले दूरच्या वसतिशाळांत नेण्यात आली आणि स्वभाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा झाल्या. कवयित्री म्हणूनच इंग्रजीत लिहिते, आणि मध्येच एखादा लाकोटा शब्द घेऊन तो कोशातून, आठवणीतून, चुकतमाकत तपासते. इंदूर, बडोदा, हैदराबाद येथील ज्या घरांत आजीची मराठी नातवापर्यंत पोचेतो निम्मी उरते, त्यांना हा प्रश्न आपल्या दारचा वाटेल. मात्र साम्य येथेच थांबते. आमच्या भाषेत दैनिके निघतात आणि राज्यकारभार चालतो. तिच्या भाषेवर तिच्याच देशाने शाळेत छडी उगारली होती.

आता ‘अडतीस’ या कवितेविषयी. अंकात ‘३८’ असेच तिचे नाव आहे. १८६२ साली मिनेसोटातील डकोटा लोकांना तहाप्रमाणे देय असलेले पैसे आणि धान्य वेळेवर मिळाले नाही. व्यापाऱ्यांनी उधारी बंद केली. अँड्र्यू मायरिक नावाचा व्यापारी म्हणाला की, भूक लागली असेल तर त्यांनी गवत खावे. ऑगस्टमध्ये उठाव झाला; आरंभीच मायरिक मारला गेला, आणि त्याचे प्रेत सापडले तेव्हा तोंडात गवत कोंबलेले होते. उठाव मोडल्यावर लष्करी मंडळापुढे ३९२ जणांची चौकशी झाली. आरोपींस वकील नव्हता. काही सुनावण्या पाच मिनिटेही चालल्या नाहीत. ३०३ जणांस फाशी ठरली. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी कागदपत्रे तपासून ३९ नावे कायम केली. त्यांतील एकाची शिक्षा थांबली. २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकेटो येथे ३८ जणांस एकाच मंचावर फाशी देण्यात आले. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवशी एवढी मोठी फाशी दुसरी झालेली नाही. सहा दिवसांनी, १ जानेवारी १८६३ रोजी, त्याच लिंकननी गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली.

या प्रसंगावर शोकगीत लिहिणे सोपे होते. लाँग सोल्जर यांनी ते टाळले आहे. आपण येथे वाक्याचा मान राखणार, प्रत्येक वाक्य नियमाने सुरू होऊन नियमाने संपणार, आणि ही कल्पनेची रचना समजू नये, असे त्या आरंभीच सांगतात. मग एकामागून एक साधी, पुरी वाक्ये येतात, दोन वाक्यांत कोरी जागा सोडून, साक्षीदाराच्या जबाबासारखी. २०१२ साली निघालेल्या ‘लिंकन’ या चित्रपटात मुक्तीची घोषणा आहे आणि फाशी नाही, ही नोंद त्या त्याच थंड स्वरात करतात. दर डिसेंबरात साउथ डकोटापासून मँकेटोपर्यंत थंडीवाऱ्यात घोड्यांवरून जाणाऱ्या स्मृतियात्रेचे वर्णनही तेथे आहे. आणि मायरिकच्या तोंडातील गवतापाशी आल्यावर त्या म्हणतात की, त्या योद्ध्यांच्या या कृतीस कविता म्हणावेसे वाटते. हे वाचताना आम्ही दचकलो. प्रेताची विटंबना ही कविता कशी, असा आक्षेप वाचक घेतील आणि तो अस्थानी म्हणता येणार नाही. पण कवयित्री येथे सूडाचे गुणगान करीत आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्यांच्याजवळ लिहिलेला शब्द नव्हता, आणि तहातील लिहिलेल्या शब्दाने ज्यांना वारंवार फसविले, त्यांनी मायरिकचा शब्द त्यालाच परत केला, एवढेच ती दाखविते. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याला एकदा तरी भोगावा लागला, हे तिच्या लेखी त्या घटनेचे काव्य.

गुणांइतकेच दोषांविषयीही स्पष्ट बोलणे आमचे कर्तव्य आहे. दुसऱ्या भागातील ‘ठराव’ या प्रकरणात कायद्याचे शब्द सुटे करून पानभर विखुरलेले आहेत. पहिल्या भागातही ओळींचा चौकोन रचणे वगैरे प्रयोग आहेत. त्यांमागील हेतू कळतो : ज्या मजकुराने माणसांची मोडतोड केली, त्या मजकुराची मोडतोड करावी. परंतु हेतू कळणे आणि कविता अनुभवणे या भिन्न गोष्टी आहेत. या पानांवर डोळ्याला काम आहे, कानाला नाही. न्याहारीच्या टेबलावरील त्या कवितेत जो संताप दुःखात मुरलेला आहे, तो येथे अक्षरांच्या मांडणीत विरून जातो. पहिल्या भागातील काही कविता तर व्याकरणाच्या चिंतनात इतक्या गुंतल्या आहेत की, त्यांत कवयित्रीच्या ऐवजी तिचा अभ्यासच बोलतो.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे, आणि तो संग्रहातच एका पात्राच्या तोंडी आहे. एका निवेदनात बिअरची बाटली हातात घेऊन बसलेला एक गृहस्थ म्हणतो की, निदान माफी तरी मागितली गेली. आम्ही या गृहस्थास मूर्ख समजत नाही. खुलाशाचे कलम नसते तर तो ठराव काँग्रेसमध्ये संमत झाला नसता, हे कोणताही मसुदाकार सांगेल. काहीच नसण्यापेक्षा हे बरे, असे म्हणणारे लोक मूळ जमातींतही असतील. परंतु दुसऱ्या प्रकारची माफी अशक्य होती, हे मात्र खरे नाही. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या नागरिकांची १९८८ साली याच काँग्रेसने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर दिले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी ११ जून २००८ रोजी वसतिशाळांबद्दल क्षमा मागितली ती पार्लमेंटमध्ये उभे राहून, मूळ जमातींचे पुढारी समोर बसलेले असताना. अमेरिकेतही, हे पुस्तक निघाल्यानंतर सात वर्षांनी, २५ ऑक्टोबर २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी ॲरिझोनातील गिला रिव्हर जमातीच्या भूमीवर जाऊन वसतिशाळांबद्दलची माफी स्वतःच्या तोंडाने मागितली. डोंगर त्यामुळे परत आले नाहीत. पण लिहून घेणार समोर होता, हा फरक लहान नव्हे.

हा सारा प्रचार आहे, काव्य नव्हे, असे म्हणणारे टीकाकार आपल्याकडे तरी निघतीलच. त्यांना आमचे उत्तर असे की, प्रचारकाला वाचकाकडून संमती हवी असते, आणि ती मिळाली की त्याचे काम संपते. या संग्रहाच्या चांगल्या पानांवर संमती देऊन सुटता येत नाही. मुलीच्या हसण्याचे मूळ आपल्यात सापडलेली आई आणि वडिलांना सहज क्षमा करणारी मुलगी एकच आहे. स्वतःची साक्ष तपासताना ती सरकारला लावलेलाच निकष लावते. आपल्या पक्षाच्या साक्षीदाराचीही उलटतपासणी घेणारा वकील विरळा. कवी तर त्याहून विरळा.

हा संग्रह मराठीत आणू इच्छिणाऱ्यास एक सोय आहे आणि एक अडचण. सोय ही की, ‘ज्याअर्थी’ हा शब्द आमच्या कचेऱ्यांनी घासून तयार ठेवला आहे, आणि त्यास तोच कोरडा वास येतो. अडचण ही की, मराठी मसुद्यात ‘ज्याअर्थी’ आला की कान आपोआप ‘त्याअर्थी’ची वाट पाहतो, आणि ते या पुस्तकात शेवटपर्यंत समाधानाने येत नाही. भाषांतरकाराने ती वाट पाहणे तसेच राहू द्यावे. इंग्रजी वाचणाऱ्यांनी मात्र भाषांतराची वाट पाहू नये. कागदावरचा शब्द आणि माणसाचा शब्द यांतील अंतर ज्यांना रोज मोजावे लागते, त्या वकील, तलाठी, शिक्षक आणि देवस्थानांच्या कारभाऱ्यांनी तर हे पुस्तक अवश्य वाचावे. पुढच्या वेळी एखाद्या हुकमाचे ‘ज्याअर्थी’ ओलांडून जाताना त्यांचा डोळा क्षणभर तेथे थांबेल, अशी आमची खात्री आहे.